दुर्मिळ पक्षी मुलांना दाखवायचाय? मग आधी गच्चीवरचा दयाळ ऐकवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मे महिन्यात कोडाईकनालला चाललोय. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. तिथल्या शोला जंगलात शोलाकिळी नावाचा गाणारा पक्षी असतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही असं वाचलं, मुलांना तो दाखवायचाच आहे. किती वाजता जायचं, मुलांची तयारी कशी करायची आणि सहा वर्षांच्या मुलाला न्यावं का?"

ताई, पहिलं म्हणजे ते 'दाखवायचाच आहे' मुलांसमोर बोलू नका, बोलून झालं असेल तर आजच गोड बोलून मागे घ्या. मी गेली सतरा-अठरा वर्षं मुलांना घेऊन पक्षी बघायला जातोय आणि ही चूक मी स्वतः दणकून केलेली आहे म्हणून सांगतो. पहिल्यांदा मुलांचा गट घेऊन निलगिरीत गेलो तेव्हा बसमध्येच माईक हातात घेऊन जाहीर करून टाकलं की उद्या सकाळी आपण असा पक्षी बघणार जो जगात फक्त ह्याच डोंगरांत आहे. बावीस मुलं होती. दुसऱ्या दिवशी अंधारात उठून, थंडीत कुडकुडत शोलाच्या कडेला जाऊन बसलो, पक्षी गायला, चांगला वीसेक मिनिटं गायला, पण दिसला काही नाही. मी आपला तो आवाज ऐकून खूश आणि मागे वळून बघतो तर निम्मी पोरं रडकुंडीला आलेली. दुसरीतला एक जण मला विचारतो, "काका, तो मेला का?" म्हणजे बघा, त्या पोराने जिवंत पक्षी वीस मिनिटं ऐकला होता, पण मी बसमध्ये जे काही बोलून बसलो होतो त्यामुळे ऐकलेलं त्याच्या हिशोबात धरलंच गेलं नाही.

तेव्हापासून मी मुलांना हा पक्षी 'दाखवत' नाही, 'ऐकवतो'. दिसला तर वरची साय. आणि दुर्मिळ हा शब्द तर शेवटपर्यंत राखून ठेवतो, कारण एकदा दुर्मिळ म्हटलं की मुलांच्या डोक्यात तो कार्डांच्या पाकिटातलं भारी कार्ड होऊन बसतो, मिळालं तर जिंकलो आणि नाही मिळालं तर हरलो.

आता पक्षी कोण ते आधी नीट बघू, कारण मुलं प्रश्न विचारणार आणि तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे. शोला म्हणजे निखारा नाही बरं का, तमिळमध्ये 'सोलै' म्हणजे दाट राई, त्यावरून शोला. 'किळी' म्हणजे मल्याळममध्ये पक्षी, तमिळमध्ये मात्र पोपटाला किळी म्हणतात. म्हणजे शोलाकिळी, राईतलं पाखरू. मुलांकडून हे नाव जोरात म्हणवून घ्या, शेवटचा 'ळ' हा खरा 'ळ' आहे आणि तो आपल्याला फुकटात येतो, इंग्रजीतून वाचणारे सगळे 'शोलाकिली' म्हणतात. मुलांना असलं काहीतरी आपल्याला येतं आणि मोठ्या लोकांना येत नाही हे फार आवडतं, नाव तिथेच पक्कं होतं.

कोडाईकनालला, म्हणजे पलनी डोंगरांत जी आहे ती पांढऱ्या पोटाची शोलाकिळी. लांबी १५ सेंटीमीटरच्या आसपास, कंपासपेटीतली छोटी पट्टी असते ना तेवढी. पाठ आणि छाती पाटीसारखी गडद निळी-राखाडी, पोट पांढरं, कपाळापासून डोळ्यावर पांढरट भुवई, पाय काडीसारखे लांब, शेपटी आखूड. नर-मादी दिसायला सारखेच. राहते जमिनीलगत, झुडपांच्या अंधारात, किडे खाते, संधिप्रकाशात जरा बाहेर येते. उटी-कुन्नूरकडे गेलात तर तिथे हिची बहीण, निलगिरी शोलाकिळी, तिच्या कुशी तांबूस. जुन्या पुस्तकांत ह्यांना शॉर्टविंग म्हटलंय, मग काही वर्षं ब्लू रॉबिन झाल्या, आणि २०१७ साली डीएनए आणि इतर गोष्टी तपासून शास्त्रज्ञांनी ह्यांच्यासाठी 'शोलिकोला' अशी वेगळी प्रजातीच (जीनस) केली, म्हणजे आडनाव म्हणा ना. त्याच वेळी अगदी दक्षिणेच्या आशांबू डोंगरांतली शोलाकिळी तिसरी जात म्हणून वेगळी काढली, काही याद्या ती वेगळी मानतात, काही मानत नाहीत. माझ्या गटातली एक मुलगी ह्यावर म्हणाली होती, "तिला कोणी विचारलं का तिला कुठलं नाव हवंय?" मला उत्तर आलं नाही.

आता तयारी. तुमच्या हातात अजून दोन महिने आहेत आणि सगळा खेळ ह्या दोन महिन्यांतच आहे, तिथल्या तीन दिवसांत नाही. मार्च सुरू झालाय म्हणजे तुमच्या आसपास कुठेतरी दयाळ गायला लागला असेल. काळा-पांढरा, शेपटी वर करून बसतो, अँटेनावर किंवा गच्चीच्या कठड्यावर, आणि उजाडायच्या आधीच गायला सुरुवात करतो. दयाळ आणि शोलाकिळी एकाच कुळातले, माशीमारांच्या. म्हणजे मुलांना सांगताना खुशाल सांगा की तिकडे डोंगरात जी राहते ती ह्याचीच चुलत बहीण आहे. आठवड्यातून दोन दिवस, फक्त दोनच, मुलांना पहाटे उठवून गच्चीवर किंवा खिडकीत बसवा, दहा मिनिटं, दुधाचा कप हातात असू दे, बोलायचं नाही. दहाच मिनिटं म्हणजे दहाच, मुलं रमली म्हणून अर्धा तास ताणू नका, अजून हवं होतं असं वाटत असताना उठलं पाहिजे.

ह्या दहा मिनिटांत करायचं काय? एक कोरा कागद, मधोमध फुली, ती फुली म्हणजे मी. जो आवाज येईल तो ज्या दिशेने आला त्या बाजूला खूण करून टाकायची, लांबून आला तर लांब, जवळून तर जवळ. चित्र काढायला लावू नका, नुसती खूण, नागमोडी रेघ, टिंबं, काहीही. माझ्याकडे अशा कागदांचा गठ्ठा आहे, त्यात कुकरच्या शिट्ट्या आहेत, दूधवाल्याची स्कूटर आहे, शेजारच्यांचं घसा खाकरणं आहे, आणि ह्या सगळ्यातून दयाळ कुठे बसलाय हे पोरं तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे मिटून बोट करून दाखवतात. दुसरी एक गोष्ट शिकवा, दोन्ही तळहात कानांच्या मागे पन्हाळीसारखे धरायचे आणि डोकं हळूहळू फिरवायचं. करून बघा, तुम्हालाही फरक ऐकू येईल. आवाज जिथे मोठा वाटेल तिथे पक्षी, शोलामध्ये दुर्बिणीपेक्षा हे हात जास्त उपयोगी पडतात कारण तिथे पाच मीटरपलीकडे दिसतच नाही काही.

मग दुसरी पायरी, शीळकरी कस्तूर. पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेकला गेला असाल तर धबधब्याजवळ हा ऐकलेला असणार, कोणीतरी माणूसच निवांत, सूर न लावता शीळ घालत चाललाय असं वाटतं, इंग्रजीत ह्याला व्हिसलिंग स्कूलबॉय म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे, दप्तर फेकून उनाडणारा पोरगा. हाही त्याच कुळातला. आणि हा पलनीतही आहे, त्यामुळे तिथे पहाटे मुलांना दोन्ही आवाज ऐकू येऊ शकतात. कस्तुराची शीळ जाड, मोकळी, माणसाच्या तोंडून आल्यासारखी. शोलाकिळीचं गाणं बारीक, घाईचं, शिट्ट्यांच्या मधेमधे खरखर आणि चिलटं घोंगावल्यासारखं काहीतरी. रेकॉर्डिंग झेनो-कॅन्टो ह्या साइटवर मिळतात, घरी दोन-तीन ऐकवा, बास, पाठ करून घेऊ नका. अर्ध्या वेगाने लावून दाखवा, मुलं उड्या मारतात, कारण आपल्याला जी एक खरखर वाटली होती तिच्यात आत किती तरी सुटे सूर निघतात. मर्लिन ह्या पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या ॲपमध्ये आवाज रेकॉर्ड करताना त्याचं चित्र सरकताना दिसतं, तेही दाखवा. फक्त ते ॲप जे नाव सांगेल ते देववाणी समजू नका, ॲप काय म्हणतंय आणि आपला कान काय म्हणतोय असं भांडण लावून द्या मुलीचं आणि ॲपचं, तिला मजा येईल.

आता हा पक्षी फक्त तिथेच का, हे समजावण्यासाठी माझा एक घरचा खेळ आहे आणि तो मी कितीही वेळा घेतला तरी चालतोच. घरातल्या सगळ्या उशा जमिनीवर टाका, लांब लांब. उशा म्हणजे उंच डोंगरमाथे, थंड, ओले. फरशी म्हणजे खालचा गरम सपाट प्रदेश. मुलं म्हणजे शोलाकिळ्या, फरशीला पाय लागला की आऊट. जवळच्या उशीवर उडी मारता येते, लांबच्या नाही. मग मधे एक मोठ्ठी फट ठेवा, तीन-चार फुटांची, ती पालघाटची खिंड. खऱ्या नकाशावर ही खिंड सुमारे ३० ते ४० किलोमीटर रुंद आहे, तिच्या उत्तरेला निलगिरी, दक्षिणेला अनैमलाई आणि पलनी. अंधारात, ओलाव्यात राहायची सवय असलेल्या एवढ्याशा पक्ष्याला ती ओलांडता येत नाही, मग दोन्हीकडच्या शोलाकिळ्या लाखो वर्षं एकमेकींना भेटल्याच नाहीत आणि हळूहळू वेगळ्या झाल्या. मुलगी विचारेल की उडता येतं तर का नाही जात, तेव्हा सांगा की आपल्यालाही चालता येतं म्हणून आपण वाळवंट चालत ओलांडतो का. खेळात पुढे गंमत म्हणून दर फेरीला एक उशी उचला. काही बोलू नका, नुसती उचला. मुलं आपोआप एकाच उशीवर चार जण चढून ढकलाढकली करतात आणि मग कोणीतरी ओरडतं, "उशा का उचलताय पण!" हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला की मगच खरं कारण सांगायचं, त्याच्या आधी सांगितलं तर ते नुसतं भाषण होतं.

खरं कारण हे की ह्या डोंगरांवर घळीत, पाण्याजवळ शोला, बुटकी, गच्च, शेवाळलेली झाडं, आणि वरचे माथे गवताचे, अशी जोडी होती. इंग्रजांनी आणि नंतर आपण गवताळ माथ्यांना पडीक समजून तिथे वॅटल (ऑस्ट्रेलियातली बाभूळ), निलगिरीची झाडं (युकॅलिप्टस), पाइन लावले, चहाचे मळे केले. नुसत्या पलनी डोंगरांत चार दशकांत सुमारे दोन तृतीयांश डोंगरी गवत गेलं असा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झालाय. शोलासुद्धा जागोजागी तोडला गेला, तुकडे पडले, मधे मळे आणि वस्त्या आल्या. इथे शाळेत शिकून आलेली मुलं हमखास अडखळतात, कारण त्यांना झाडं लावणं म्हणजे चांगलं काम एवढंच माहीत असतं. झाड लावून कोणाचं तरी घर मोडलं हे नऊ वर्षांच्या मुलीला समजतं, व्यवस्थित समजतं, उलट मोठ्यांना समजावताना जास्त वेळ लागतो. आणि त्यातही सरळ हिशोब नाहीये, काही जागी जुन्या वॅटलच्याच सावलीत शोलाची रोपं उगवून आलीत, त्यामुळे सगळं वॅटल उद्या कापून टाका असंही म्हणता येत नाही. मुलीला हा गोंधळ जसाच्या तसा सांगा.

सहा वर्षांच्या मुलाला मात्र ह्यातलं काही सांगू नका. पांढऱ्या पोटाची शोलाकिळी आययूसीएन ह्या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेच्या यादीत 'असुरक्षित' आणि निलगिरीची 'संकटग्रस्त' ह्या वर्गात आहे, ते तुमच्या माहितीसाठी. त्या वयाच्या मुलांना 'संपत चाललाय' असं सांगितलं की ती एक तर घाबरतात नाहीतर त्यातून अंगच काढून घेतात, माझ्या समोर एका पोराने कानावर हात ठेवलेत. त्याच्याशी फक्त पाय, पोट, किडे, चिखल ह्या विषयांवर बोला.

आता प्रत्यक्ष तिथे. मे महिना चांगला, पावसाआधीच्या ह्या दिवसांत गाणं असतं आणि जळवाही पावसाळ्यापेक्षा कमी. २०२४ च्या मे पासून कोडाईकनाल आणि उटीला वाहनासाठी ई-पास काढावा लागतोय, निघायच्या आधी तेवढं बघून घ्या. बेरिजमच्या बाजूला जायला वनखात्याची परवानगी लागते. पण मी तुम्हाला लांब जायला सांगणारच नाही. गावाला लागूनच शोलाचे तुकडे आहेत, एकाचं तर नावच बॉम्बे शोला. मुलं बरोबर असताना जिथून दहा मिनिटांत खोलीवर परत येता येतं तीच जागा उत्तम. स्थानिक गाईड घ्याच, पण ठरवताना एकच प्रश्न विचारा, "तुम्ही मोबाईलवर आवाज लावता का?" हो म्हणाला तर दुसरा बघा.

ह्या आवाज लावण्यावर जरा जास्त बोलतो, कारण मोह मोठा असतो. पक्ष्याचंच गाणं स्पीकरवर लावलं की तो धावत येतो, आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला असं त्याला वाटतं. सुरुवातीच्या वर्षांत मी हे केलंय. मुलं खूश होती, दोन-तीन फुटांवरून तो पक्षी इकडून तिकडे, इकडून तिकडे, चोच वासलेली, आणि मी फुशारकीने सांगत होतो बघा बघा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच जागी गेलो तर चिडीचूप. माझ्यामुळेच असं म्हणता येणार नाही, पण तेव्हापासून लावलेला नाही. मुलांना मी असं सांगतो की समज तुझ्या घराची बेल वाजली, तू जेवणावरून उठून गेलीस, दारात कोणीच नाही. परत बसलीस, परत बेल. असं सकाळभर, आणि पाळण्यात बाळ रडतंय. एवढं पुरतं. गटातल्या एका मुलीने तर नंतर एका मोठ्या कॅमेरावाल्या काकांना जाऊन सांगितलं, "काका, बेल वाजवू नका." त्यांना काही कळलं नाही पण स्पीकर बंद झाला. घरटं दिसलं तर तोच नियम, थांबायचं नाही, फोटो नाही, पुढे चालायचं.

सकाळची पद्धत अशी. पाचला उठायचं, सू करून घ्यायची (हसू नका, माझ्या निम्म्या फेऱ्या ह्याच कारणाने फिसकटल्यात), स्वेटर, कानटोपी मात्र कानाच्या वर. करकर वाजणारं जर्किन नको, वेफर्सची पाकिटं नकोत, खाऊ डब्यात. पाच-चाळीसच्या आसपास जागेवर बसलेलं असायचं. उजेड व्हायच्या आधीचा जो राखाडी वेळ असतो तेव्हा गाणं सगळ्यात जास्त. चालायचं नाही. लोकांना वाटतं पक्षी शोधायचा म्हणजे हिंडायचं, इथे उलटं आहे, पायवाटेच्या कडेला जिथून वाटेचा उघडा, ओला, पानं पडलेला तुकडा दिसतो अशी जागा धरून पाठीला पाठ लावून बसायचं, आणि झाडीत न बघता त्या वाटेच्या तुकड्यावर नजर ठेवायची. झाडीत बघून काही दिसत नाही. वाटेवर मात्र ती कधीतरी येते.

एका मे मधली सकाळ सांगतो. पाच मुलं होती, गेस्टहाऊसच्या मागे एक छोटी पायवाट शोलात शिरते आणि कडेला पाणी वाहून जायची चर आहे, तिथे बसलो होतो. गाणं अर्धा तास चाललं होतं आणि थांबलं. कस्तूर लांब कुठेतरी शीळ घालत होता. मुलं कंटाळायच्या बेतात, एक जण बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, आणि चरीच्या काठावरून एक गडद गोळा टुणकन वाटेवर आला. आला आणि थांबला. एवढे लांब पाय की अंग वर उचलून धरल्यासारखं. मान वाकडी करून पानांकडे बघितलं, चोचीने एक पान उलटून बाजूला टाकलं, अगदी आपण पुस्तकाचं पान उलटतो तसं, खालचं काहीतरी उचललं, तेव्हा छातीचा निळा रंग संपून पांढरं पोट सुरू होतं ती रेघ दिसली, आणि दोन उड्यांत ती पलीकडच्या नेच्यात गेली. आठ-दहा सेकंद असतील. माझ्या शेजारी बसलेली दहा वर्षांची मुलगी इतक्या हळू बोलली की मला तिचे ओठच दिसले, "पान टाकलं तिने." नाडीवाल्याने काहीच बघितलं नाही. तो चिडला, साहजिक आहे, मी त्याला समजावत बसलो नाही, ते उलटलेलं पान दाखवलं. वरची बाजू कोरडी, खालची ओली, आणि ओली बाजू आता वर. त्याने ते पान उचलून वहीत ठेवलं. (नियमाने उचलायला नको होतं, मी बघितलं नाही असं केलं.)

शोलाकिळी ऐकूसुद्धा आली नाही तरी कोडाईकनाल मुलांना रिकाम्या हाती पाठवत नाही, तेव्हा बाकीच्यांची नावं आधीपासून घरात फिरू द्या. काळा-नारिंगी माशीमार हा शोलाच्या तळातच असतो, मुलांना तर ह्याचा रंगच पुरतो आणि हा तुलनेने धीट आहे. निलगिरी माशीमार, निळा. आणि सगळ्यात सोपा म्हणजे पलनी लाफिंगथ्रश, जोडीने किंवा टोळीने दंगा करतो, बागांमध्येसुद्धा येतो, बोरंबिरं खातो. ह्याच्या शास्त्रीय नावात 'फेअरबँकी' आहे आणि त्याचा धागा थेट आपल्याकडे येतो, सॅम्युअल फेअरबँक हे १९ व्या शतकातले अमेरिकन मिशनरी, काम करायचे नगर जिल्ह्यात, मराठी मिशनमध्ये, आणि पक्ष्यांचं वेड असलेले. नगरच्या उन्हात काम करणाऱ्या माणसाचं नाव पलनीच्या धुक्यातल्या पक्ष्याला. मुलांना नकाशावर दोन्ही ठिकाणं दाखवा आणि एवढ्या लांब ते काय करायला गेले असतील ते त्यांनाच ओळखू द्या.

दुर्बीण, मुलीला द्या, ८ बाय ३२ (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी) पुरे, त्याहून जड नको, आणि घरी आधी सराव, लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचायची, डोळे पाटीवरून न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. मुलाला खरी दुर्बीण देऊ नका, त्याला ती धरवत नाही, मग चिडचिड. कागदाच्या दोन नळ्या चिकटवून द्या, मला पूर्वी हा प्रकार पोरकट वाटायचा पण एका जागी नजर धरायची सवय त्याने खरंच लागते. कॅमेरा एकाही मुलाला नको. तुम्हालाही नको, पण ते तुम्ही ऐकणार नाही.

रात्री खोलीवर आल्यावर पक्ष्याचं चित्र काढ म्हणू नका. मुलं मग पुस्तकातला फोटो बघून काढतात आणि काढून दमतात. ती जिथे होती, म्हणजे वाट, चर, नेचा, तो काळोख, ते काढायला सांगा, पक्ष्याच्या जागी कोरी जागा सोडली तरी चालेल. कागदावरच्या फुलीचा खेळ तिथेही चालू ठेवा, घरच्या कागदाशेजारी तिथला कागद ठेवला की मुलीला स्वतःलाच दिसेल काय काय वेगळं आहे.

राहिला प्रश्न धाकट्याला न्यायचं का. न्या. पण घरातल्या दोन मोठ्यांपैकी एकाने आधीच ठरवून ठेवायचं की त्याने 'चला' म्हटलं की मी उठणार, न कुरकुरता, आणि त्याला खोलीवर नेऊन गरम काहीतरी देणार, थोडंसं थांब ना, बघ ताई कशी बसलीय, असलं काहीही न बोलता. पंधरा मिनिटं बसला तरी भरपूर. माझा मुलगा त्या वयाचा असताना मांडीवर घेऊन बसलो होतो, तो पाच मिनिटांत झोपला, शोलाकिळी गात राहिली, मला पाय हलवता येईना, मुंग्या आल्या. उठल्यावर त्याने पहिलं काय विचारलं असेल, तर "बाबा, ती शिट्टी कोण वाजवत होतं?"